यंत्रज्ञ आणि संस्थाचालक

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी या उत्सवाशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. एका यंत्रशास्त्रज्ञाने कारखान्यातील व प्रयोगशाळेतील काम करता करता मोठमोठ्या संस्थांचा कारभार कसा हाती घेतला, हे मला सांगावयाचे आहे. धर्मग्रामाच्या उत्सवात यंत्रज्ञाचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, आपल्या घरातील मुले सकाळी डबा घेऊन कोठे जातात ते पाहावे. कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जातो, कोणी गडेगावच्या मोटारींच्या कारखान्यात, कोणी वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात, तर कोणी तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींवर. हातात पाना घेऊन ज्याने प्रारंभ केला, त्यालाच पंधरा-वीस वर्षांनी चार माणसांवर देखरेख करावी लागते. पुढे एखाद्या सहकारी सोसायटीचा, शाळेचा अथवा आपल्या धर्मग्रामाच्या समितीचा कारभार त्याच्या गळ्यात पडतो. अशा वेळी त्याने आपली विद्या कोठे ठेवावी? खुंटीला टांगून ठेवावी की बरोबर न्यावी? हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

या बाबतीत लोकांत दोन मते आढळतात. एक मत असे की, खुर्ची मिळाली म्हणजे मनुष्य सुटला. आता हात काळे करावयास नकोत, सही केली की झाले. दुसरे मत याच्या उलट. ते म्हणते की, चांगला कारागीर खुर्चीवर बसविला म्हणजे कारागीरही गेला आणि कारभारीही धड मिळाला नाही. दोन्ही मतांत थोडेबहुत तथ्य आहे. तथापि ती दोन्ही मते एक गोष्ट गृहीत धरून चालतात की, कारागिरी निराळी आणि कारभार निराळा. माझे म्हणणे असे आहे की, उत्तम यंत्रज्ञाची जी खरी शिस्त, तीच उत्तम संस्थाचालकाची शिस्त होय. हे म्हणणे तोंडी न ठेवता एका माणसाच्या चरित्रावरून पडताळून पाहू. हा माणूस म्हणजे डॉ. अनिल काकोडकर.

डॉ. काकोडकरांचा जन्म ११ नोव्हेंबर १९४३ रोजी, सध्याच्या मध्य प्रदेशातील बडवानी येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. वडील पुरुषोत्तम काकोडकर व आई कमलाताई ही दोघेही गांधीजींच्या मार्गाने जाणारी. १९४६ साली १८ जून रोजी मडगावास डॉ. राममनोहर लोहिया व आपले गोव्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी पोर्तुगीज सत्तेची बंदी मोडून सभा घेतली, आणि गोव्यातील स्वातंत्र्याच्या चळवळीस नवे तोंड फुटले. त्या चळवळीत पुरुषोत्तमराव पकडले गेले व त्यांस पोर्तुगालात नेऊन बंदीत ठेवण्यात आले. त्याच सुमारास त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचीही रवानगी तिकडे झाली होती. त्या लढ्यात हिंदू व ख्रिस्ती हे एकाच बंदिवासाचे वाटेकरी झाले, ही गोष्ट आपण ध्यानी ठेवण्याजोगी आहे. वडील समुद्रापलीकडे तुरुंगात, आणि मूल जेमतेम तीन वर्षांचे. अशा स्थितीत आईने त्याचे पालनपोषण व शिक्षण पार पाडले. बडवानी व खरगोण येथे शालेय शिक्षण झाल्यावर हा मुलगा मुंबईस आला, रुपारेल कॉलेजात शिकला, आणि १९६३ साली व्ही.जे.टी.आय. या संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर झाला.

या संस्थेविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे झाली, त्या ज्युबिलीचे स्मारक म्हणून मुंबईत ही संस्था निघाली. 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' असे तिचे नाव ठेवले गेले. १९९७ साली ते बदलून वीरमाता जिजाबाईंचे नाव तिला देण्यात आले. आपले नागपूरचे धर्मप्रांत स्थापन झाले तेही १८८७ सालीच. याच संस्थेत पूर्वी लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. त्यांनी वर्ग सोडून कारखान्याची वाट धरली आणि महाराष्ट्रास लोखंडी नांगर दिला. काकोडकरांचा प्रवास उलट दिशेने झाला. त्यांनी यंत्रशाळेतून संस्थेच्या कारभाराकडे वाट धरली. परंतु पाया दोघांचा एकच.

पदवी मिळाल्यावर ते तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाले आणि १९६४ साली तेथील अणुभट्ट्यांच्या अभियांत्रिकीत काम करू लागले. पुढे १९६९ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. विषय होता, पदार्थावर पडणारा ताण प्रयोगाने मोजणे. हा विषय काय आहे ते सोप्या शब्दांत सांगतो, कारण पुढचे सारे चरित्र त्यावरच उभे आहे.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती आपणांस सांगावयास नको. बाजारात भांडे घेताना आपली वडीलधारी माणसे ते बोटाच्या पेराने वाजवून पाहत. भांडे सलग असेल तर आवाज खणखणीत येतो; कोठे बारीकसा तडा असेल तर तो बद्द येतो. तडा डोळ्यांस दिसत नाही, पण आवाज खोटे बोलत नाही. ताण मोजण्याचे शास्त्र हेच काम अधिक बारकाईने करते. धातूच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक तारेची एक पट्टी चिकटवितात. भार पडून धातू केसाच्या शतांशाने जरी ताणला गेला, तरी ती तारही ताणली जाते व विजेच्या प्रवाहास तिचा होणारा विरोध बदलतो. तो बदल मोजला म्हणजे आतला ताण किती, हे कळते. भट्टी, पूल, बॉयलर अथवा रुळावरून धावणारे चाक, ही सारी मोडण्यापूर्वी सांगतात. ऐकणारा मात्र पाहिजे. ज्याने तरुणपणी हे ऐकण्याची सवय लावून घेतली, त्याची दृष्टी निराळी बनते. वरचा रंग पाहून तो समाधान मानीत नाही.

या दृष्टीची परीक्षा लवकरच झाली. तुर्भे येथे 'ध्रुव' नावाची १०० मेगावॅट शक्तीची संशोधन भट्टी देशातीलच शास्त्रज्ञ व यंत्रज्ञ यांनी आखली व बांधली. तिच्या आखणीत व उभारणीत काकोडकरांचा मोठा वाटा होता. ऑगस्ट १९८५ मध्ये ती सुरू झाली, आणि थोड्याच अवधीत एक विघ्न उभे राहिले. इंधनाच्या जुड्या थंड ठेवणाऱ्या जड पाण्याच्या वेगाने त्या जुड्याच थरथरू लागल्या. उद्घाटन झाले, अभिनंदने झाली, आता कशाला बोला, असे म्हणून वेळ मारून नेणे शक्य होते काय? यंत्र तसे करू देत नाही. थरथर कोठून येते हे शोधून, जुड्यांच्या रचनेत सुधारणा करून, १९८८ साली ती भट्टी पूर्ण शक्तीवर चालविण्यात आली.

दुसरा प्रसंग मद्रासजवळील कल्पाक्कमचा. तेथील दोन अणुभट्ट्यांत जड पाणी आत सोडणारे जे नळांचे भाग होते, ते १९८८-८९ च्या सुमारास आतल्या आत निकामी झाले. किरणोत्सर्गामुळे माणसास आत शिरून हात लावण्याची सोय नाही. या भट्ट्या आता मोडीत काढाव्या लागणार, अशी वेळ येऊन ठेपली होती. अशा वेळी घाई करून पूर्ण शक्तीने चालविणे हा एक धोका, आणि हात टेकून कोट्यवधी रुपयांची मालमत्ता टाकून देणे हा दुसरा. काकोडकर व त्यांचे सहकारी यांनी मधला, परंतु कष्टाचा मार्ग धरला. पाण्याचा प्रवाह बदलून, शक्ती कमी करून भट्ट्या चालू ठेवण्यात आल्या. आणि कालांतराने काही नलिकांच्या जागी नव्या फवारनळ्या बसवून त्यांस पुन्हा पूर्ववत शक्ती देण्यात आली. बिघाड मान्य करावा, त्याचे माप घ्यावे, तोवर भार हलका करावा, आणि मग धीराने दुरुस्ती करावी, हा या प्रसंगाचा बोध. हे चार शब्द आपण लक्षात ठेवावे, कारण पुढे संस्थांच्या कारभारातही तेच चार शब्द आढळतील.

१९९६ साली काकोडकर भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. १९९९-२००० मध्ये देशातील नामवंत अभियंत्यांच्या राष्ट्रीय अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि २००० सालच्या अखेरीपासून २००९ च्या नोव्हेंबरपर्यंत ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे पाना व मापनयंत्र यांची जागा आता टिपणे, अंदाजपत्रके व बैठका यांनी घेतली. या काळात त्यांनी केलेले सर्वात टिकाऊ काम माझ्या मते पुढची पिढी तयार करण्याचे होय. २००५ साली होमी भाभा राष्ट्रीय संस्थेस विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २००७ साली भुवनेश्वर येथे विज्ञान शिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या सहकार्याने मूलभूत विज्ञानांचे केंद्र सुरू झाले. ज्या संस्थेत नवी माणसे तयार होत नाहीत, ती चालू भट्टीसारखी दिसली तरी तिच्यातील इंधन संपत आलेले असते.

त्यांच्या कारकीर्दीतील अधिक गाजलेले प्रकरण अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचे. जुलै २००५ मध्ये त्याची घोषणा झाली व ऑक्टोबर २००८ मध्ये त्यावर सह्या झाल्या. मधल्या तीन वर्षांत, आपल्या कोणत्या भट्ट्या परकीय तपासणीखाली ठेवाव्या व कोणत्या ठेवू नयेत, यावर मोठा वाद झाला. देशी संशोधनावर उभारलेला शीघ्र प्रजनक भट्ट्यांचा कार्यक्रम त्या तपासणीखाली जाऊ नये, हे मत काकोडकरांनी २००६ साली उघडपणे मांडले, आणि अखेर ती भूमिका टिकली. त्या कराराचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मला दाखवावयाचे ते इतकेच की, ज्याला आपल्या यंत्राची नस ठाऊक आहे, तोच बैठकीत कोठे वाकावे व कोठे वाकू नये हे सांगू शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. १९७४ व १९९८ या दोन्ही सालच्या पोखरणच्या अणुचाचण्यांत काकोडकरांचा सहभाग होता. एवढ्या संहारक शक्तीचे नाव निघाले की ख्रिस्ती माणसाच्या मनात कालवाकालव होते. ज्या १९६३ साली हा तरुण पदवीधर होऊन तुर्भ्याच्या वाटेस लागला, त्याच १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी जगातील शांतीविषयीच्या आपल्या परिपत्रात अण्वस्त्रांवर बंदी घालण्याची हाक दिली होती. देशाच्या संरक्षणाची गरज व ही हाक यांचा मेळ कसा घालावा, याविषयी सद्भावनेच्या माणसांतही मतभेद आहेत व राहतील. आज हे चरित्र मी आपणांपुढे ठेवतो ते शस्त्राची थोरवी गाण्यासाठी नव्हे. तडा असेल तेथे बोट ठेवावे, असे ज्या व्याख्यानात सांगावयाचे, त्याच व्याख्यानात हा प्रश्न झाकून ठेवणे मला योग्य वाटले नाही.

आता ज्या कामाचा आपल्या जिल्ह्याशी प्रत्यक्ष संबंध पोहोचतो, त्याकडे वळतो. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आपल्या वरठीवरून व तुमसर रोडवरून जातो. रूळ ओलांडताना गेलेली माणसे आपल्यांपैकी पुष्कळांच्या ओळखीची असतील. सप्टेंबर २०११ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमली गेली; तीत दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन व कानपूरचे प्राध्यापक संजय धांडे हेही होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये समितीने आपला अहवाल दिला. त्यात तिने बोट कोठे ठेवले पाहा. गाड्यांच्या टकरी वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येतात. पण रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरत होती, आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. ही माणसे रेल्वेच्या अपघातांच्या हिशेबात धरलीच जात नव्हती. कोणतीही सुसंस्कृत जनता असा संहार सहन करणार नाही, या अर्थाचे कठोर शब्द समितीने वापरले.

भांडे वाजवून पाहणे म्हणतात ते हेच. बद्द आवाज कोठून येतो ते समितीने ऐकले, आणि मग मापे दिली. फाटके काढून टाकून पूल बांधावे, त्यास सुमारे ५०,००० कोटी रुपये. नव्या पद्धतीच्या सिग्नलांस सुमारे २०,००० कोटी. अपघातात एकमेकांवर न चढणाऱ्या सुरक्षित डब्यांस सुमारे १०,००० कोटी. एकूण पाच वर्षांत सुमारे १ लाख कोटी. शिवाय जो गाड्या चालवितो त्यानेच आपल्या सुरक्षिततेचा न्याय करू नये, यास्तव कायद्याने स्वतंत्र असे सुरक्षा प्राधिकरण नेमावे, असेही तिने सुचविले. या सर्व सूचना अमलात आल्या असे नाही. तथापि २०१७ साली १ लाख कोटींचा रेल्वे संरक्षण निधी जाहीर झाला, आणि २०१९ च्या जानेवारीपर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील माणूस नसलेली फाटके बंद करण्यात आली. आपल्या खेड्यातील शेतकऱ्याची बैलगाडी किंवा मुलांनी भरलेली शाळेची गाडी आज अशा उघड्या फाटकावर सापडत नाही, यात एका यंत्रज्ञाच्या अध्यक्षपदाचाही वाटा आहे. त्याने त्या ठिकाणी एकही बोल्ट आवळला नाही. पण बोल्ट कोठे सैल आहे, ते सांगितले.

खेड्यांचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे अध्यक्ष असताना त्यांनी असा विचार मांडला की, शहरातील विद्या व साधने खेड्यात यावी, आणि खेड्यातील मनुष्यास पोटासाठी गाव सोडावा लागू नये. 'सिटी' व 'व्हिलेज' हे दोन शब्द जोडून या कल्पनेस त्यांनी 'सिलेज' असे नाव दिले. आपल्या विदर्भातील गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाच्या सहकार्याने या आयोगाने विज्ञान व तंत्रज्ञानाचे साधनकेंद्र काढले. धान, मोह, बांबू व तळी यांवर जगणाऱ्या प्रदेशात असे केंद्र निघावे, ही गोष्ट भंडाऱ्याच्या तरुणांनी जवळून पाहण्यासारखी आहे.

बंधुभगिनींनो, या चरित्राचा निष्कर्ष मी थोडक्यात सांगतो. काकोडकरांनी खुर्चीवर बसताना आपली यंत्रविद्या दाराबाहेर ठेवली नाही. जे धातूच्या बाबतीत केले, तेच संस्थेच्या बाबतीत केले. बिघाड मान्य केला, माप घेतले, भार सांभाळला, दुरुस्तीचा मार्ग दाखविला. ज्या खुर्चीवर बसून मनुष्य या चार गोष्टी विसरतो, ती खुर्ची त्याच्या पदरी अपयश बांधते. आणि संस्था मोठी असेल तर अपयशाची किंमत दुसऱ्यांस प्राणांनी द्यावी लागते. २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. त्या दिवशीचे आक्रोश आपल्या जिल्ह्याच्या कानांतून अद्याप गेलेले नाहीत. त्या दुर्घटनेचा दोष कोणाचा, हे ठरविणे माझ्या अधिकारातील नाही, आणि तो मी कोणावर ठेवीतही नाही. परंतु कोणत्याही कारखान्यात, ज्याच्या हाती चार माणसांची देखरेख आहे त्याने, "आजवर काही झाले नाही, म्हणून उद्याही होणार नाही," असे म्हणू नये. तडा पडला म्हणून भांडे लगेच गळत नाही. म्हणूनच ते वाजवून पाहावयाचे असते.

तरुणांस माझी विनंती अशी की, आय.टी.आय. मधील अथवा कॉलेजातील विद्या केवळ नोकरीसाठी शिकू नका. ती नजर म्हणून शिका. हात काळे होण्याची लाज धरू नका, आणि पुढे कधी खुर्ची मिळाली तर काळ्या हातांनी शिकविलेले विसरू नका. आणि आम्हा वडीलधाऱ्यांसाठी एवढेच म्हणतो की, आपल्या सोसायट्या, शाळा व समित्या यांचे हिशेब वेळच्या वेळी उघडे ठेवावे, कोणी उणे दाखविले तर त्यास शत्रू मानू नये, आणि आपल्या जागी उद्या बसणाऱ्यास आजच बरोबर घेऊन काम शिकवावे. अधिकार म्हणजे सेवा, हे आपण मंदिरात ऐकतो. ते हिशेबाच्या वहीतही दिसले पाहिजे.

पवित्र शास्त्रात ज्युबिलीचे वर्ष सांगितले आहे, ते बंधने सोडण्याचे व जमीन मूळ धन्यास परत देण्याचे वर्ष म्हणून. त्या वर्षी कोणास तरी काहीतरी नवे हाती मिळत असे. मुंबईतील एका ज्युबिलीने मागे एक यंत्रशाळा ठेवली, आणि बडवानीहून आलेल्या एका मुलास तिने घडविले. ज्या राणीसाठी ते स्मारक झाले तिचे राज्य गेले, पाटीवरील नाव बदलले, पण शाळा राहिली. आपल्या ज्युबिलीचे मंडप व पताका दोन दिवसांत उतरतील. धर्मग्रामातील एखाद्या गरीब मुलामुलीच्या तंत्रशिक्षणाचा खर्च दरसाल उचलण्याचा एक लहानसा निधी जर या निमित्ताने आपण उभा करू शकलो, तर पुढील ज्युबिलीच्या वेळी या व्यासपीठावर बोलावयास आपल्यातीलच कोणी यंत्रज्ञ, कदाचित कोणी संस्थाचालक, उभा असेल. फादरांनी व समितीने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी नम्र प्रार्थना आहे.

 परमेश्वर आपल्या धर्मग्रामावर व या जिल्ह्यातील प्रत्येक श्रमिकाच्या घरावर कृपादृष्टी ठेवो.